कवड्याचं सोंग आणि परग्रहावरचे पाहुणे

विज्ञानकथांतल्या परग्रहवासीयांनी माणूस होण्याच्या काय काय तऱ्हा काढल्या आहेत! १९८३ च्या ‘व्ही’ या अमेरिकन मालिकेत माणसाची कातडी फाटते आणि आतून सरड्यासारखा चेहरा डोकावतो. ‘पीके’चं रूप मुळातच आपल्यासारखं, त्याला लागतात फक्त कपडे आणि भाषा, भाषा तो हात धरून उतरवून घेतो. जॉन कॅम्पबेलच्या १९३८ च्या कथेतला जीव तर पेशीन्‌पेशी हुबेहूब उतरवतो. त्या कथेवरच्या ‘द थिंग’ या १९८२ च्या चित्रपटात अंटार्क्टिकावर अडकलेली माणसं एकेकाचं रक्त काढून त्यात तापलेली तार बुडवतात. खऱ्या माणसाचं रक्त नुसतं चुरचुरतं. सोंगाड्याचं रक्त मात्र जीव वाचवायला उसळी घेतं, कारण त्याचा थेंब न्‌ थेंब स्वतंत्र प्राणी असतो.

पण फसवायला इतक्या खोलात शिरावं लागतं का? सापांची ओळख करून घ्यायला लागलं की मण्यार आणि कवड्या ही जोडी हटकून समोर येते. मण्यार हा आपल्याकडच्या अतिविषारी सापांपैकी एक; रात्री हिंडतो, आणि त्याचा दंश कित्येकदा झोपेतल्या माणसाला कळतही नाही. कवड्या पूर्ण बिनविषारी. पालींच्या मागे घरात शिरतो, तोही रात्रीच. दोघांच्याही गडद अंगावर फिकट पट्टे.

आता नीट पाहा. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारचे डोक्यामागे थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत ठसठशीत राहतात. मण्यारच्या पाठीच्या कण्यावर मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ असते, कवड्याच्या नसते. म्हणजे नक्कल कच्चीच! तरी ती चालते, कारण अंधारात झडप घालणाऱ्याला खवले मोजायला सवड नसते. सोंग बघणाऱ्याच्या नजरेला पुरेल एवढंच बेतलेलं असतं. मला यातलं सगळ्यात विलक्षण हेच वाटतं. शत्रूला पिटाळणारं हे रूप माणसापुढे मात्र कवड्याच्याच जिवावर उठतं. मण्यार समजून कितीतरी कवडे काठीखाली मरतात. पट्टे ओळखता आले म्हणून कुणी साप हातात घेऊ नये, आणि काठीही उचलू नये. सर्पमित्राला बोलवावं.

अशा नकलेचा उलगडा हेन्री बेट्सने १८६२ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या फुलपाखरांवरून केला. आपल्या कढीपत्त्यावर वाढणारं कॉमन मॉरमॉन हे फुलपाखरू अशा नकलेचं देखणं उदाहरण. त्याच्या काही माद्या नरासारख्या काळ्या-पांढऱ्या, तर काही लाल ठिपक्यांचं, विषारी कॉमन रोझचं रूप घेतात. कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की हा सगळा वेष ‘डबलसेक्स’ हे एकच जनुक ठरवतं. नर-मादीची घडण ठरवण्यात ज्याचा हात, तेच जनुक!

माणसाला फसवणं याहून कठीण, कारण आपली नजर चेहऱ्यांवर पोसलेली. म्हणूनच ‘द इन्व्हेडर्स’ या १९६७ च्या मालिकेतले परग्रहवासी सगळं जमवतात आणि ताठ राहणाऱ्या करंगळीवरून पकडले जातात.

बेट्सने उलगडलेल्या नकलेला आणखी एक अट आहे. सोंगं घेणारे साधारणपणे थोडे हवेत. खऱ्या विषारी फुलपाखरांपेक्षा नकली फार वाढले, तर पक्षी दोन-चार चाखून बघतात आणि त्या रंगांची भीती उडते. मग परग्रहवासीच बहुसंख्य झाले तर? ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ (१९५६) मध्ये सगळं गावच बदललेलं असतं. उरलेल्या दोघांना भावनाशून्य चेहऱ्याने रस्त्यावरून चालावं लागतं, कारण आता सोंग घ्यायची पाळी माणसाची असते. जमतंही त्यांना. तेवढ्यात एक कुत्रा ट्रकखाली जाता जाता वाचतो, दोघांतल्या बेकीच्या तोंडून किंकाळी निघते, आणि सोंग उघडं पडतं.