बाळ दगावले तरी ती बाळंतीणच

माणिकगडच्या डोंगरपठारावर वसलेला जिवती तालुका आणि वैनगंगेपलीकडील गडचिरोली जिल्ह्याचा वनप्रदेश येथील स्त्रीला अंगमेहनतीचे धडे कोणी द्यावे लागत नाहीत. पाणी, सरपण, मोहफुलांची वेचणी, उन्हाळ्यातील तेंदूपत्त्याची तोडणी, कापसाची वेचणी, धानाची रोवणी या कामांतच तिचे वर्ष सरते. म्हणूनच मृतजन्माच्या आघातानंतर हालचालीने मनाला उभारी येते असे सांगताना, ती हालचाल कोणती आणि केव्हा करावी, याचा विचार येथे अधिक काळजीपूर्वक करावा लागतो.

गर्भधारणेच्या अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर मूल मृतावस्थेत जन्मल्यास जागतिक आरोग्य संघटना त्यास मृतजन्म मानते. 2021 साली जगात सुमारे 19 लक्ष मृतजन्म झाल्याचा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. वाढलेला रक्तदाब, जंतुसंसर्ग, हिवताप, मधुमेह, अडलेली प्रसूती अशी त्याची अनेक कारणे असतात. काही वेळा तर तपासणीनंतरही कारण उमगत नाही. तरीही ‘जड उचललेस’, ‘नजर लागली’ असे बोल मातेलाच ऐकावे लागतात. दुःखावर दोषाचा हा भार चढला, की ते अधिकच खोल जाते.

विश्रांतीचा हक्क

बाळ जगले नाही, तरी प्रसूती झालेलीच असते. गर्भाशय पूर्वस्थितीत येण्यास सुमारे सहा आठवडे लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्हा फुटतो आणि पाजायला मूल नसल्याने स्तन ठणकतात. अशा वेळी आधार देणारी चोळी व गार पाण्याच्या कापडी घड्या यांनी आराम पडतो. घरात तान्हे नाही, मग सव्वा महिना बसून कशाला राहायचे, असे म्हणून तिला लवकर कामाला जुंपणे सर्वथा अयोग्य होय. कायद्याची दृष्टीही हीच आहे. 1961 च्या प्रसूती लाभ अधिनियमात ‘मूल’ या शब्दाच्या व्याख्येत मृतावस्थेत जन्मलेल्या मुलाचाही समावेश केलेला होता.

मग हालचाल कोणती?

प्रसूतीनंतर प्रकृतीची अडचण नसल्यास स्त्रीने हळूहळू हालचाल वाढवीत आठवड्यास किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे. अशा हालचालीने प्रसूतीनंतरच्या नैराश्याची लक्षणे कमी होतात. मृतजन्म अनुभवलेल्या मातांसाठी योगाभ्यास कितपत उपयोगी पडतो, याचे अभ्यास अमेरिकेतील अॅरिझोना राज्य विद्यापीठात झाले आहेत.

मात्र डोक्यावर हंडा घेऊन चढण चढणे आणि मन मोकळे करण्यासाठी चालणे यांत मोठे अंतर आहे. पहिले सक्तीचे, दुसरे स्वेच्छेचे. आरंभी अंगणात चार पावले, पुढे सायंकाळी मैत्रिणीसोबत गावाच्या शिवेपर्यंत फेरी, संथ श्वसन, हलकी आसने एवढे पुरेसे असते. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला आधी घ्यावा. सोबतीण असली की चालता चालता बोलणे होते, रडणेही होते. चालल्याने दुःख नाहीसे होत नाही, पण ते पेलण्याचे बळ येते.

अतिरक्तस्राव, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, पायाला वेदनेसह सूज, धाप किंवा तीव्र डोकेदुखी आढळल्यास विनाविलंब दवाखाना गाठावा. दोन आठवडे उलटूनही झोप व अन्न तुटलेले राहिले किंवा जगणे नकोसे झाल्याचे उद्गार निघाले, तर व्यायामावर विसंबू नये. टेलिमानस या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक त्यासाठी उपलब्ध आहे.

गावाचे कर्तव्य

नवजात बालकाची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्याच खेड्यांत सिद्ध केली आणि 2011 पासून ती आशा कार्यकर्तींमार्फत देशभर राबविली जाऊ लागली. त्यात 42 व्या दिवसापर्यंतच्या गृहभेटींचे वेळापत्रक आहे. या भेटी बालकाभोवती गुंफलेल्या असल्या, तरी ज्या घरात पाळणा रिकामा राहिला तेथील मातेलाही त्याच दिवसांत कोणीतरी भेटावयास हवे. पंचायत सदस्य, आशा व बचतगटातील महिला यांनी ठरविल्यास हे सहज साध्य आहे.

1969 च्या अधिनियमानुसार मृतजन्माची नोंदही बंधनकारक आहे. पंचायतीने ती 21 दिवसांत होईल असे पाहावे. मृतजन्मांचे प्रमाण 2030 पर्यंत हजारी दहाच्या आत आणण्याचे उद्दिष्ट भारताने 2014 मध्ये स्वीकारले. ज्याची नोंद नाही, त्याचा प्रतिबंध करणार कसा? शिक्षकांनीही अशा घरातील भावंडे वर्गात गप्प झाली तर त्यांना आपुलकीने जवळ करावे.

पतीने पाण्याची खेप आपल्याकडे घ्यावी, सासूने चार दिवस अधिक विसावा द्यावा, शेजारणीने संध्याकाळी हाक मारून फिरायला न्यावे. यांतील कशालाही निधी लागत नाही की मंजुरी. बाळ गेले तरी आपले बाळंतपण गावाने मानले, एवढा विश्वास त्या मातेला लाभला, तर ती पुन्हा उभी राहण्याची वाट निश्चितच सुकर होईल.