‘क’ जीवनसत्त्व आणि रोजचें ताट

पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालच्या डिसेंबर महिन्यांत, टायग्रिस नदीच्या कांठीं कूत-अल-अमारा या गांवीं हिंदी व इंग्रज सैन्य तुर्कांच्या वेढ्यांत सांपडलें. हें सैन्य सहाव्या पुणे डिव्हिजनचें. त्यांत मराठा पलटणीहि होत्या. वेढा १९१६ च्या २९ एप्रिलपर्यंत चालला. या काळांत एकाच तटबंदीआड दोन निरनिराळे रोग उद्भवले. पांढऱ्या मैद्याच्या पावावर राहणाऱ्या गोऱ्या शिपायांना बेरीबेरीनें ग्रासलें. कोंड्यासकट दळलेल्या पिठाची रोटी खाणारे हिंदी शिपाई त्यापासून बचावले. उलटपक्षीं, घोड्याच्या ताज्या मांसामुळें गोऱ्या शिपायांचा स्कर्व्हीपासून बचाव झाला, आणि तें मांस वर्ज्य मानणाऱ्या हिंदी शिपायांना मात्र स्कर्व्हीनें गांठलें. कोंड्यांत होतें तें ‘ब’ वर्गांतील जीवनसत्त्व. ताज्या मांसांत अल्प प्रमाणांत होतें तें ‘क’ जीवनसत्त्व. भूक भागविणारें अन्न आणि शरीर राखणारें अन्न हीं नेहमींच एक नसतात, याचा इतका स्पष्ट पडताळा क्वचितच मिळतो.

स्कर्व्हींत प्रथम ग्लानि येते व सांधे दुखतात. पुढें हिरड्या सुजून त्यांतून रक्त येतें, दांत हलूं लागतात आणि जखमा भरून येत नाहींत. या साऱ्या लक्षणांचें मूळ एकच आहे. त्वचा, हाडें, हिरड्या व रक्तवाहिन्या यांना कोलॅजेन नांवाच्या प्रथिनाचे तंतु बळकटी देतात, आणि ते तंतु घट्ट होण्यास ‘क’ जीवनसत्त्व लागतें. तें नसलें म्हणजे चुन्यावांचून रचलेली विटांची भिंत खचावी, तशी शरीराची स्थिति होते. गाय, कुत्रा, उंदीर इत्यादि बहुतेक सस्तन प्राणी हें द्रव्य आपल्या यकृतांत स्वतःच तयार करतात. मनुष्यास ती शक्ति नाहीं. शिवाय तें पाण्यांत विरघळणारें असल्यानें अधिक झालेलें मूत्रावाटें निघून जातें, आणि आहारांतून भर न पडल्यास अंगांतील सांठा थोड्याच महिन्यांत संपतो. म्हणून तें नित्य मिळालें पाहिजे.

जेम्स लिंड या नौदलाच्या वैद्यानें १७४७ सालीं स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीस वेगळा उपचार दिला. संत्रीं व लिंबें मिळालेली जोडी सर्वांत लौकर सुधारली. तरीहि इंग्रजी आरमारांत लिंबाच्या रसाचा नियम होण्यास १७९५ साल उजाडावें लागलें. हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनीं १९२८ सालीं वेगळें काढलेलें एक आम्लद्रव्य म्हणजेच ‘क’ जीवनसत्त्व होय, हें १९३२ सालीं सिद्ध झालें. १९३७ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

भारतांत तर लिंबू-संत्र्यांहूनहि सरस फळें आहेत. १९३९-४० च्या दुष्काळांत हिस्सार जिल्ह्यांत स्कर्व्हीच्या रोग्यांना आंवळ्यानें गुण आला. शंभर ग्रॅम संत्र्यांत हें जीवनसत्त्व ४० ते ५० मिलिग्रॅम असतें, तर तितक्याच पेरूंत सुमारें २०० मिलिग्रॅम, आणि आंवळ्यांत त्याहूनहि अधिक. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें २०२० सालीं प्रौढ पुरुषास रोज ८०, स्त्रीस ६५, व अंगावर पाजणाऱ्या मातेस ११५ मिलिग्रॅमची शिफारस केली. अर्धा पेरू पुरुषाची ही गरज भागवूं शकतो.

परंतु बाजारांतून आणलेलें सारेंच ताटांत पोंचतें असें नाहीं. भाजी चिरून मग धुतली, भरपूर पाण्यांत उकडून तें पाणी ओतून दिलें, रंग राहावा म्हणून सोडा घातला, किंवा शिजलेलें अन्न पुनःपुन्हां तापविलें, तर या जीवनसत्त्वाचा मोठा अंश नष्ट होतो. याउलट कोरड्या मुगांत तें जवळजवळ नसतें, पण मूग भिजवून मोड आणले कीं तें तयार होऊं लागतें. कच्ची कोशिंबीर आणि पोह्यांवर आयत्या वेळीं पिळलेलें लिंबू हीं केवळ चवीचीं नव्हेत. लिंबाच्या रसामुळें धान्यभाज्यांतील लोहहि शरीरांत अधिक शोषलें जातें.

सुखवस्तु घरांतहि ही उणीव शिरूं शकते. आंबटानें खोकला वाढेल म्हणून महिनोन् महिने दूधभातावर ठेवलेला रोगी, दांत गेल्यामुळें चहा-बिस्किटांवर दिवस काढणारे आजोबा, अंगावरचें दूध तुटल्यावर केवळ तापविलेल्या वरच्या दुधावर वाढणारें मूल, यांच्या वाट्यास ताजें अन्न येतच नाहीं. हिरड्यांतून रक्त येण्याचीं इतरहि कारणें असल्यानें वैद्याचा सल्ला घ्यावाच; मात्र रोग्याच्या ताटांत काय पडतें, हेंहि त्यास सांगावें.

गोळ्यांविषयीं मात्र भाबडेपणा नसावा. त्या नित्य घेतल्यानें सर्वसामान्य माणसाचें पडसें टळत नाहीं. फार तर तें थोडें लौकर ओसरतें. मोठ्या मात्रा दीर्घकाळ घेतल्यास मूतखड्याचा धोका संभवतो. ज्याच्या पानांत रोज एखादें ताजें फळ, थोडी कोशिंबीर किंवा लिंबाची फोड पडते, अशा निरोगी माणसास बाटलींतील गोळीची सहसा गरज पडत नाहीं.