अकरा वर्षें दडून राहिलेला दोष

एकत्र कुटुंबांत साखरेच्या एकाच डब्यावर दोघी जावांचें काम चाललें आहे, अशी कल्पना करा. पहिलीनें आपलें काम आटोपतांच, दुसरीस न विचारतां, डबा कोठींत परत केला. कोठी सांभाळणारीनें तो रिकामा करून, त्यांत मीठ भरून, त्याच फळीवर ठेविला. दुसरीनें संवयीनें त्याच जागीं हात घातला आणि शिऱ्यांत मीठ पडलें! चूक पहिलीची, संशय कोठीवालीवर आणि बोल मात्र दुसरीस. संगणकाच्या पोटांत नेमका असाच एक घोटाळा सन २००५ पासून २०१७ पर्यंत दडून राहिला होता. तो कसा सांपडला, ही हकीकत बोधप्रद आहे.

फिनलंडमध्यें लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं १९९१ सालीं आरंभिलेली लिनक्स ही प्रणाली आज असंख्य सर्व्हरांच्या व अँड्रॉइड फोनांच्या मुळाशीं आहे. तिच्या गाभ्यास कर्नल म्हणतात. स्मृतीची, म्हणजे मेमरीची, सारी कोठी या कर्नलच्या ताब्यांत असते. जो मागेल त्यास तो जागा देतो आणि काम संपलें म्हणजे परत घेऊन दुसऱ्यास देतो. परत केलेल्या जागेस कोणी पुन्हां हात लावला, तर तो ‘मुक्त केल्यानंतरचा वापर’ हा दोष होय. तो टाळण्यासाठीं प्रत्येक वस्तूवर एक आंकडा लिहिलेला असतो: सध्यां किती जण ही वापरीत आहेत? एकानें सोडली कीं आंकडा एकानें कमी करावयाचा. शून्य झाला तरच वस्तु कोठींत परत जावयाची.

जाळ्यावरून, म्हणजे नेटवर्कवरून, येणारा मजकूर लहान लहान पुडक्यांनीं येतो. तीं पुडकीं पोंचविण्याच्या अनेक पद्धतींपैकीं डीसीसीपी नांवाची एक पद्धत ऑक्टोबर २००५ मध्यें लिनक्सच्या २.६.१४ या आवृत्तींत दाखल झाली. संबंध जोडण्याची विनंती करणारें पुडकें आलें कीं एक फंक्शन तें दुसऱ्याकडे सोंपवी आणि विनंती मान्य झाली म्हणजे पुडक्याची जागा आंकडा न पाहतां मोकळी करी. एरवीं यांत कांहीं बिघडत नसे. परंतु आयपीव्ही-६ च्या व्यवहारांत एखाद्या प्रोग्रॅमनें ‘पुडक्याची माहिती मला हवी’ असें आधीं सांगितलें असेल, तर दुसरें फंक्शन त्याचा पत्ता जपून ठेवी व आंकडा एकानें वाढवी. त्याचें वर्तन शास्त्रशुद्ध होतें. पहिल्यानें मात्र तो आंकडा वाचलाच नाहीं! जपलेला पत्ता आतां परक्याच्या जागेकडे बोट दाखवूं लागला आणि पुढें तीच जागा दुसऱ्यांदा मोकळी केली जाऊं लागली.

याचा परिणाम केवळ यंत्र बंद पडण्यापुरता नव्हता. त्या मोकळ्या जागेंत कोणी कपटानें आपला मजकूर भरला, तर त्याच यंत्रावरील एखादा सामान्य वापरकर्ता सर्वाधिकारी बनूं शकत असे. ज्या सर्व्हरांवर अनेकांचे हिशेब व पत्रें एकत्र नांदतात, तेथें याचा अर्थ काय होतो, हें वाचकांस सांगावयास नको.

मग इतकीं वर्षें तो दिसला कां नाहीं? एक तर ही पद्धत फारशी कोणी वापरीत नसे. आणि दोन्ही फंक्शनें वेगवेगळीं वाचलीं तर दोन्ही निर्दोष भासत. दोष होता तो त्यांच्या संबंधांत.

२०१७ च्या फेब्रुवारींत आन्द्रेइ कोनोवालोव यांनीं सिझकॉलर या साधनानें तो शोधून काढिला. हें साधन कर्नलास नाना प्रकारच्या मागण्या नाना क्रमांनीं अहोरात्र करीत राहतें. मनुष्यास जें सुचणार नाहीं तें यंत्र न कंटाळतां करून पाहतें. त्याच्या जोडीस केसॅन नांवाचा पहारेकरी असतो. तो २०१५ सालीं लिनक्सच्या ४.० या आवृत्तींत आला. स्मृतीच्या दर आठ बाइटांमागें एक बाइट राखून त्यांत तो ‘येथें हात लावणें योग्य कीं अयोग्य’ हें टिपून ठेवतो. परत आलेली जागा तो लगेच दुसऱ्यास न देतां कांहीं काळ क्वारंटाइनमध्यें ठेवतो आणि तेवढ्यांत कोणी तिला स्पर्श केला कीं जागच्या जागीं पकडतो. मग तो तीन वंशावळी छापून देतो: जागा कोणी घेतली, कोणी सोडली आणि सोडल्यावर कोणी शिवली. प्रत्येकींत कोणत्या फंक्शननें कोणास बोलाविलें याची परंपरा असते.

शोधकाचें खरें कौशल्य येथूनच सुरू होतें. ज्याच्या हातीं मुद्देमाल सांपडला तोच चोर, असें मानणारा येथें फसतो. शेवटीं शिवणारा बहुधा निरपराध असतो. मधली वंशावळ उलगडून ‘सोडण्याचा अधिकार याला होता काय?’ हा प्रश्न विचारावा लागतो. आमच्या नैयायिकांचा अन्वयव्यतिरेक येथेंही उपयोगी पडतो: ती माहिती मागितली असतां दोष उद्भवतो, न मागितली असतां उद्भवत नाहीं, तस्मात् कारण तेथेंच.

उपाय अगदीं थोडक्या ओळींचा निघाला. सरसकट मोकळें करणाऱ्या आज्ञेऐवजीं, आंकडा एकानें उतरवून शून्य झाल्यासच मोकळें करणारी आज्ञा घातली. १५ फेब्रुवारीस दोष कळविला गेला, १७ तारखेस दुरुस्ती मूळ कर्नलांत शिरली आणि २२ तारखेस ती जाहीर झाली. दुरुस्तीआधीं दोषाचा बोभाटा केला नाहीं, हा विवेकही ध्यानांत घेण्याजोगा आहे. पुढें २०२५ सालीं डीसीसीपी ही पद्धतच लिनक्समधून काढून टाकण्यांत आली. ज्या खोलींत कोणी राहत नाहीं, तिच्या कडीकडेही कोणी पाहत नाहीं. चोरास मात्र तेंच दार सोयीचें.

आपलें काम संपलें म्हणजे सर्वांचें संपलें, असें समजूं नये, एवढेंच या प्रकरणाचें तात्पर्य. सामाईक वस्तु ठेवून देण्यापूर्वीं तिच्यावर आणखी कोणाचा हात आहे काय, हें पाहण्यास क्षणभर पुरतो. तो क्षण वांचविल्याची किंमत पुढें कोणास द्यावी लागेल, हें त्या वेळीं कळत नाहीं.