बालसंघटनेचे सदस्यत्व : एक कथनसूत्र (चिनी आणि मराठी बालसाहित्याच्या संदर्भात)

एखाद्या संघटनेत मुलाने प्रवेश घेणे ही सामान्यतः समाजशास्त्राच्या अभ्यासाची बाब मानली जाते. मात्र काही साहित्यपरंपरांत हा प्रवेशच कथेचा गाभा होतो. चीनमधील शालेय मुलांची ‘बाल अग्रदल’ ही साम्यवादी संघटना आणि महाराष्ट्रातील राष्ट्र सेवा दल यांचा या दृष्टीने विचार केल्यास तौलनिक अभ्यासाला उपयुक्त असा एक भेद हाती लागतो.

चीनमधील संघटना 13 ऑक्टोबर 1949 रोजी स्थापन झाली आणि 1953 मध्ये तिला आजचे नाव मिळाले. आज 6 ते 14 या वयाची मुले तिची सदस्य होऊ शकतात. गळ्यातील लाल त्रिकोणी रुमाल ही सदस्याची खूण. हा रुमाल म्हणजे लाल ध्वजाचा एक कोपरा असून तो हुतात्म्यांच्या रक्ताने रंगला आहे, असा त्याचा अर्थ मुलांना सांगितला जातो. प्रवेशाच्या वेळी ध्वजापुढे शपथ घ्यावी लागते. वंदन करताना उजवा हात डोक्याच्याही वर नेला जातो. जनतेचे हित सर्वांहून वर, हा त्यामागील संकेत. येथे एक बाब विशेष लक्षात घ्यावयास हवी. ही संघटना शाळेच्या आत, वर्गाच्या रचनेत गुंफलेली आहे. त्यामुळे ज्याच्या गळ्यात रुमाल नाही, ते मूल वर्गात रोज सर्वांच्या नजरेस पडते.

या वस्तुस्थितीतूनच चिनी बालसाहित्यातील एक ठळक पात्र जन्मास आले : दलाबाहेरचा मुलगा. चांग थ्येन-यी (1906–1985) यांच्या ‘लुओ वन-यिंगची गोष्ट’ (1952) या कथेचा नायक दलात येण्यास उत्सुक आहे. पण शाळेतून घरी जाताना बाजारातील गमतीजमती त्याला थांबवितात आणि अभ्यास मागे पडतो. दोष क्षुल्लक, बालसुलभ आहे. तथापि सदस्यत्व पणाला लागल्यामुळे त्याला नैतिक परीक्षेचे वजन येते. कथनाची योजनाही अर्थपूर्ण आहे. ही हकिगत वर्गमित्र मुक्तिसेनेतील सैनिकांना कळवितात. म्हणजे निवेदक ‘मी’ नसून ‘आम्ही’ आहे. मुलाच्या सुधारणेचा साक्षी, साहाय्यक आणि परीक्षक असा हा समूह आहे. ‘मातृभूमीची फुले’ (1955) या चित्रपटातही वर्गातील दोनच मुले दलाबाहेर असून त्यांना सामावून घेणे हाच कथेचा प्रवास आहे.

महाराष्ट्रात राष्ट्र सेवा दलाची उभारणी 1941 मध्ये एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली झाली. जातिधर्माचा भेद न मानता मुलगे आणि मुली यांना एकत्र आणणाऱ्या या शाखांनी एक पिढी घडविली. त्यांच्या कलापथकाचे मराठी रंगभूमीवरील ऋणही सर्वपरिचित आहे. परंतु शाखा शाळेबाहेर, मैदानावर भरे आणि तिथे जाणे ऐच्छिक होते. न जाणारे मूल वर्गात वेगळे ओळखू येत नसे. ज्या साने गुरुजींचे नाव या दलाशी अभिन्नपणे जोडले गेले, त्यांच्या ‘श्यामची आई’ (1935) या पुस्तकात मुलाची कसोटी घरात, आईसमोर लागते. हे लेखन दलाच्या आधीचे आहे, हे खरे. तरीही दलाच्या पिढीने हेच पुस्तक आपले मानले, ही गोष्ट बोलकी आहे. पाय मळू नयेत म्हणून जपणाऱ्या श्यामला आई मनाच्या निर्मळपणाकडे वळविते, तेव्हा तिथे कोणतेही चिन्ह मिळावयाचे नसते आणि गमवावयाचेही नसते. मित्रांना रात्रीमागून रात्री ही कथा सांगणारा श्याम ‘मी’ या पुरुषातच बोलतो. समूह येथे श्रोता आहे, परीक्षक नाही.

यावरून एक परंपरा समूहनिष्ठ आणि दुसरी व्यक्तिनिष्ठ, असा सोपा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. लुओच्या कथेत मित्रांची माया खरी आहे, आणि श्यामच्या आईचा धाकही काही कमी नाही. भेद आहे तो कसोटीच्या दृश्यतेचा. सदस्यत्व दिसू लागले की त्याचा अभावही दिसू लागतो. सर्वांना सामावून घेतले जाईल असा विश्वास आहे तोवर हा अभाव कथेला सुखान्त देतो. तो विश्वास ढळला की तेच चिन्ह बहिष्काराचे साधन होते. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात अग्रदलाची जागा ‘लहान लाल रक्षकां’नी घेतली आणि 1978 मध्ये मूळ संघटना पुन्हा सुरू झाली. त्या काळातील शांघायमध्ये वाढलेल्या जी-ली जियांग यांनी 1997 मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनाच्या शीर्षकातच लाल रुमाल आहे. तिथे मात्र गुणी विद्यार्थिनीला वेगळे पाडतो तो तिचा दोष नव्हे, तर आजोबा जमीनदार असल्याचा कलंक. लुओ आपली सवय बदलू शकत होता. वंश कसा बदलावा?

जन्माने ठरणारे बाहेरपण मराठी वाचकाला नवे नाही. दलित आत्मकथनांतील शाळेत वर्गाबाहेर बसविलेले मूल त्याने पाहिले आहे. म्हणून बालसंघटनेच्या कथा वाचताना ‘आत कोण आले’ यापेक्षा ‘बाहेर कोण राहिले, आणि ते त्याच्या हाती होते काय’ हा प्रश्न अभ्यासकाने आधी विचारावयास हवा. दोन्ही साहित्यांची खरी तुलना तेथून सुरू होते.