वृद्धाश्रमात भेटीला जाताना

वृद्धाश्रम हा शब्द आपल्या घरांत अजूनही दबक्या आवाजातच उच्चारला जातो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील जुन्या मराठी घरांतील मुले नोकरीसाठी पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला गेली. मागे राहिलेल्या आईवडिलांपैकी एक गेले की दुसऱ्याची सोय आश्रमात करावी लागते. त्यात लाज वाटण्याजोगे काही आहे असे आम्हांस वाटत नाही. परंतु आईला तेथे ठेवल्याचे चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून तेथे तिचे कसे चालले आहे याची चौकशीही मोकळेपणी होत नाही. हा संकोच कोणाच्या पथ्यावर पडतो, हे सांगावयास नको.

जागतिक आरोग्य संघटनेने निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून दिलेली माहिती अस्वस्थ करणारी आहे. वृद्धांची देखभाल करणाऱ्या संस्थांतील दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी, वर्षभरात आपल्या हातून वृद्धांशी दुर्वर्तन घडल्याचे स्वतःच मान्य केले आहे. ही सारी माणसे क्रूर असतात असे नव्हे. रात्रीच्या पाळीला एकाच बाईवर अनेक खाटांचा भार पडला की तोंडातून वाकडा शब्द जातो, मग हात उचलला जातो. म्हणूनच आश्रम निवडताना बाग आणि देवघर पाहण्याआधी, रात्री जागी असणारी माणसे किती, हे विचारावे.

मारहाण ही या दुर्दशेची एक बाजू झाली. तिच्याहून अधिक आढळते ती हेळसांड, आणि ती ओळखण्यास नजर लागते. म्हातारपणी कातडी पातळ होते. हाताला खाट लागली तरी काळानिळा डाग उठतो, त्यावरून लगेच संशय घेऊ नये. मात्र कानामागे, मानेवर, पाठीवर किंवा मांडीच्या आतल्या बाजूस डाग दिसला, अथवा दोन्ही मनगटांवर सारखेच वळ दिसले, तर कारण विचारलेच पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते. ती न बदलल्यास माकडहाड, खुबा आणि टाचा येथे शय्याव्रण होतात. भेटीच्या वेळी चादर बाजूस सारून टाचा पाहाव्यात. यात कोणाचा अपमान नाही. वजनाची नोंद मागावी. पन्नास किलो वजनाच्या बाईचे महिन्याभरात अडीच किलो वजन उतरले, तर ती गोष्ट डॉक्टरांना दाखविण्याजोगी आहे. वृद्धांना तहान कमी जाणवते. पेला हातात दिल्याखेरीज पुष्कळजण पाणी पीतच नाहीत. कोरडी जीभ, वाढलेली नखे, ओलसर अंथरुणाचा वास, आणि एरवी बोलक्या असलेल्या माणसाचे भर दुपारी गुंगीत पडून राहणे, ही सर्व लक्षणे ध्यानात ठेवावीत. गुंगी दिसल्यास कोणत्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून चालू आहेत, ते कागदावर पाहावे.

आपल्यासारख्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी जाते आणि लहानपणची तेवढी उरते. चाळीस वर्षे हैदराबादेत तेलुगू आणि उर्दू बोललेल्या आजी एके दिवशी केवळ मराठीच बोलू लागतात. ‘तहान लागली’, ‘दुखतंय’ हे शब्द सेविकेला कळत नाहीत. अंथरूण ओले होते आणि आजी हट्टी ठरतात. असे दहावीस शब्द स्थानिक लिपीत लिहून खाटेशेजारी लावले, तर निदान अजाणता होणारी हेळसांड थांबेल.

संशय बळावला तरी माणसे बोलत नाहीत. ‘आपण तक्रार करून घरी येणार, आणि राग तिच्यावर निघणार,’ ही भीती खोटी नाही. त्यासाठी तक्रार तोंडी न करता लेखी करावी: तारीख, वेळ, काय दिसले, कोण हजर होते. छायाचित्र घ्यावे, आश्रमाबाहेरच्या डॉक्टरांकडून तपासणी करवून तिचा कागद घ्यावा, अर्जाच्या प्रतीवर पोच मागावी. जेथे लेखी नोंद आहे तेथे हात आवरला जातो, असा आमचा अनुभव आहे. जिवाला धोका दिसला, तर मात्र कागदपत्रांत वेळ न घालविता आधी माणसाला तेथून हलवावे आणि ११२ वर पोलिसांना बोलवावे.

२००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा पुष्कळांना ठाऊक असतो. परंतु तो मुख्यतः मुलांकडून व वारस नातेवाइकांकडून निर्वाह मिळवून देण्यासाठी आहे. आश्रमातील मारहाणीला तो पुरत नाही. जबर दुखापत, किंवा बेकायदा कोंडून ठेवणे, यांसारख्या दखलपात्र गुन्ह्यांची खबर पोलिसांनाच द्यावयाची असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार ती कोणत्याही ठाण्यात देता येते. गुन्हा इंदुरात घडला आणि मुलगा पुण्यात असला, तरी पुण्याच्या ठाण्याने ती नोंदवून घ्यावयाची असते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही पाठविता येते, मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. हेळसांडीची तक्रार जिल्ह्याच्या समाजकल्याण अधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी. काय करावे हेच सुचत नसेल, तर ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा विनामूल्य दूरध्वनी आहे. सकाळी ८ ते रात्री ८ या वेळात तेथे सल्ला मिळतो. शेजाऱ्यानेही तो फिरवावा; नातेच असले पाहिजे असे नाही.