फळीवरचा तोल, चौकटीतला क्षण

जिन्याचा कठडा आधारासाठी असतो. स्केटबोर्डपटूला मात्र त्यावर घसरण्याची वाट दिसते. रस्त्यावरच्या छायाचित्रकाराची नजरही अशीच. इतरांना जिथे केवळ गर्दी दिसते, तिथे त्याला चित्र गवसते. कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन बीच शहराचे एड टेम्पलटन हे या दोन्ही कलांचे उपासक. १९९३ मध्ये ‘टॉय मशीन’ ही स्केटबोर्ड कंपनी स्थापन करणाऱ्या टेम्पलटन यांनी आपल्याच शहराचा किनारा आणि तिथली माणसे वर्षानुवर्षे कॅमेऱ्यात टिपली. दोन्हींसाठी ना राखीव मैदान लागते, ना प्रशिक्षक. शैली ज्याची त्यानेच घडवायची. फरक एवढाच, की फसलेली उडी त्याच कठड्यावर पुन्हा मारता येते, हुकलेला क्षण मात्र परतत नाही. म्हणूनच कॅमेरा सतत जवळ बाळगणे, हाच छायाचित्रकाराचा रियाज.