रेडर विकत घ्यायचा की घडवायचा? मालवणच्या मैदानापासून अमेरिकेच्या कॉलेजांपर्यंत एकच प्रश्न

पावसाळा सरला, भात कापून झालं की मालवण किनाऱ्यावरच्या वाड्यांमध्ये स्पर्धांचे बॅनर दिसायला लागतात. कुठे कबड्डी, कुठे टेनिस बॉल क्रिकेट. बक्षिसाची रक्कम मोठ्या अक्षरात असते, पण जाणकार माणूस आधी खालची बारीक ओळ वाचतो. स्पर्धा 'ओपन' आहे की 'एक गाव एक संघ'?

त्या एका ओळीवर सगळं ठरतं. 'एक गाव एक संघ' असेल तर गावातलेच खेळाडू, आणि मैदानात उतरण्याआधी आधार कार्ड दाखवायचं. 'ओपन' असेल तर मग रस्ता मोकळा. मुंबईहून आणा, कोल्हापूरहून आणा, मानधन द्या आणि खेळवा. आणि मग मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो ठरलेला प्रश्न येतो, "यंदा आपलो रेडर कोण?"

प्रश्न साधा वाटतो, पण प्रो कबड्डीतले कोट्यवधींचे संघ दरवर्षी नेमका हाच प्रश्न सोडवत असतात. अमेरिकेतली मोठमोठी विद्यापीठंसुद्धा. खेळाडू दर हंगामाला पैसे घेऊन संघ बदलू शकतो, तेव्हा पुढचा हुकमी माणूस शोधायचा कसा? हेच आज समजून घेऊया.

एका रेडरवर इतकं का अवलंबून असतं?

कबड्डीत दोन्ही बाजूंना सात-सात खेळाडू. चढाई करणाऱ्याला मिळतात ३० सेकंद. समोर सातजण, आत हा एकटा. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'डू ऑर डाय'. तिच्यात गुण नाही मिळाला तर रेडर बाद.

आता मुख्य रेडर बाद होऊन बाहेर बसला तर काय होतं बघा. संघाचा फक्त एक गुण जात नाही. साथीदारांनी समोरचा गडी टिपून त्याला परत जिवंत करेपर्यंत संघाची गुण आणायची ताकदच बाहेर बसलेली असते. म्हणून मुख्य रेडर पकडला की प्रेक्षकांत एकदम शांतता पसरते. बचाव सातजणांनी मिळून करायचा असतो, चढाई मात्र एकट्याने. साहजिकच पैसा त्या एकट्याच्या मागे धावतो.

पूर्वी किंमत नोकरीत मोजली जायची

खेळाडू पैशासाठी संघ बदलतो, हे काही नवीन नाही. फक्त पूर्वी त्या पैशाचं नाव 'नोकरी' होतं.

महाराष्ट्रातल्या कबड्डी स्पर्धांमध्ये आजही दोन गट दिसतात, स्थानिक आणि व्यावसायिक. व्यावसायिक गटात रेल्वे, बँका, पोलीस, तेल कंपन्या आणि मोठे कारखाने यांचे संघ. कोकणातल्या वाडीत एखादा पोरगा चांगला खेळायला लागला की घरच्यांना एकच आशा असायची, की खेळावर कुठेतरी चिकटला पाहिजे. तो चिकटला की गावचा संघ त्याला गमवायचा आणि मुंबईच्या ऑफिसला रेडर मिळायचा.

पण त्या व्यवहारात एक स्थैर्य होतं. नोकरी निवृत्तीपर्यंतची होती. ऑफिसलाही ठाऊक असायचं की हा गडी पुढची आठ-दहा वर्षं आपलाच. तोवर त्याच्या हाताखाली दुसरा तयार करता यायचा.

२०१४ नंतर काय बदललं?

२०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वात महागडा ठरला राकेश कुमार, पाटणा पायरेट्सकडे, १२ लाख ८० हजारांना. अवघ्या चार वर्षांत, २०१८ मध्ये, हरियाणा स्टीलर्सने मोनू गोयतसाठी १ कोटी ५१ लाख मोजले. २०२३ मध्ये तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं.

त्या वर्षी अख्खा संघ उभा करायला मर्यादा होती ५ कोटींची. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे एका माणसावर!

संघांच्या हातात लिलावाशिवायही काही पत्ते असतात. काही खेळाडू कायम ठेवता येतात. सोडलेल्या खेळाडूवर दुसऱ्याने शेवटची बोली लावली की जुना संघ तीच रक्कम देऊन त्याला परत घेऊ शकतो, याला 'फायनल बिड मॅच' म्हणतात. आणि तिसरा पत्ता म्हणजे 'न्यू यंग प्लेअर', लिलावात न जाता थेट करारबद्ध केलेले नवे पोरगे. या तिसऱ्या पत्त्याची चर्चा सर्वात कमी होते. पण खरा खेळ तिथेच आहे.

घाटापलीकडचा सिद्धार्थ

आधी एक जवळचं उदाहरण बघू. दोडामार्गहून तिलारी घाट चढलात की चंदगड तालुका लागतो. सिद्धार्थ देसाई त्या चंदगडचा. २०१८ च्या लिलावात यू मुम्बाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. कोट्यधीशांच्या त्या वर्षात ही रक्कम फारशी कुणाच्या लक्षातही आली नाही. सिद्धार्थने पहिल्याच हंगामात चढाईचे २१८ गुण कुटले.

पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना नेलं. त्या लिलावातला तोच सर्वात महागडा खेळाडू.

मग टायटन्स जिंकले का? नाही. सिद्धार्थने तिथेही २०० हून जास्त गुण घेतले, पण १२ संघांत टायटन्स ११ वे आले. पुढच्या हंगामात दुखापतीमुळे तो मोजकेच सामने खेळला आणि टायटन्सना २२ सामन्यांत एकच विजय मिळाला. इकडे सिद्धार्थ गेलेली यू मुम्बा मात्र २०१९ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोचली.

यात सिद्धार्थची काहीच चूक नाही. त्याने आपलं काम चोख केलं. चूक हिशोबात होती. टायटन्सनी रेडर विकत घेतला, पण तो जायबंदी झाला तर चढाई कोण करणार, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

जायबंदी पवन आणि बाकावरचा नरेंदर

हेच उत्तर तयार असलं तर काय होतं, ते २०२२ मध्ये दिसलं.

तमिळ थलैवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं. लीगच्या इतिहासातली तोवरची सर्वात मोठी बोली. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात पवनचा गुडघा गेला. हंगाम संपला.

सगळ्यांना वाटलं, थलैवाजही संपले. पण त्यांच्या संघात नरेंदर कंडोला नावाचा एक नवा पोरगा होता. 'न्यू यंग प्लेअर' म्हणून आलेला. त्याच्यावर चढाईची जबाबदारी पडली आणि त्याने २४३ गुण आणले. त्याआधी कधीही प्ले-ऑफ न पाहिलेले थलैवाज उपांत्य फेरीत पोचले.

कोटींचा रेडर बाकावर बसला आणि बाकावरचा पोरगा रेडर झाला. तो पोरगा संघात होता म्हणून हे झालं.

पुणेरी पलटणने काय केलं?

आता सर्वात मजेशीर हिशोब. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणनेही मोठी रक्कम खर्च केली, २ कोटी ३५ लाख. पण कुणावर? इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईवर. हा मुळात बचावपटू!

रेडरवर का नाही? कारण रेडर त्यांच्याकडे आधीच होते. अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते. आधीच्या हंगामांत सोबत खेळून मुरलेले तरुण गडी. हुकमी रेडर एकच ठेवण्याऐवजी पलटणने तिघाचौघांत ओझं वाटलं. एक बाद झाला तर दुसरा आत. ज्या जागेसाठी माणूस घडवला नव्हता, त्याच जागेसाठी पैसा सोडला.

१ मार्च २०२४ ला पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. कर्णधार होता अस्लम. त्याआधी २०२२ मध्ये आणि नंतर २०२५ मध्येही पलटण अंतिम फेरीत होती.

विजेतेपदानंतर शादलूई पलटणकडे राहिला नाही. पुढच्या लिलावात हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं आणि तो हंगाम हरियाणाने जिंकला. म्हणजे विकत घेतलेला माणूसही संघाला चषक देऊ शकतो. फक्त त्याच्या आजूबाजूला काय उभं आहे, ते महत्त्वाचं.

अमेरिकेत हेच कॉलेजात चाललंय

अमेरिकन फुटबॉलमध्ये रेडरच्या जागी असतो क्वार्टरबॅक. जवळपास प्रत्येक डावपेचात चेंडू आधी त्याच्या हातात येतो. कुणाकडे फेकायचा ते तो काही सेकंदांत ठरवतो. आणि कबड्डीत चार रेडर आळीपाळीने जाऊ शकतात, तसं इथे होत नाही. मैदानात क्वार्टरबॅक एकच. दुसरा असतो तो बाकावर.

पूर्वी हा बाकावरचा दोन-तीन वर्षं शिकत थांबायचा. कारण कॉलेज बदललं की बहुतेकांना एक हंगाम बाहेर बसावं लागायचं, आणि खेळासाठी शिष्यवृत्तीपलीकडे पैसे घ्यायची बंदी होती. २०२१ मध्ये दोन्ही गोष्टी सुटल्या. खेळाडूंना एकदा न थांबता कॉलेज बदलायची मुभा मिळाली आणि आपल्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे कमवायचीही. २०२४ मध्ये तर कितीही वेळा बदला, अशी सूट झाली. २०२५ पासून विद्यापीठंच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा होती प्रत्येक विद्यापीठाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलर.

परिणाम? बाकावर कुणी थांबेना. ज्याला खेळायला मिळत नाही तो जानेवारीत दुसऱ्या कॉलेजात. प्रशिक्षकाला दरवर्षी हिवाळ्यात नवा क्वार्टरबॅक शोधावा लागतो.

याचा फायदाही झाला. फुटबॉलमध्ये पिढ्यान् पिढ्या हरणारं म्हणून ओळखलं जाणारं इंडियाना विद्यापीठ घ्या. त्यांनी २०२५ च्या हंगामासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठातून फर्नांडो मेंडोझाला आणलं. त्याला देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइजमन ट्रॉफी मिळाली आणि जानेवारी २०२६ मध्ये इंडियाना राष्ट्रीय विजेता झाला. त्यानंतर मेंडोझा व्यावसायिक फुटबॉलकडे वळला आणि इंडियानाचा प्रश्न पुन्हा तोच. यंदा कोण?

मग खेळाडूने पैसे घेऊ नयेत का?

घ्यावेत. नक्की घ्यावेत. 'निष्ठा राहिली नाही' असं म्हणणं सोपं असतं, पण रेडरचं खेळायचं आयुष्य फार लहान असतं. परदीप नरवालने पाटण्याला लागोपाठ तीन विजेतेपदं मिळवून देण्यात सिंहाचा वाटा उचलला. २०२१ मध्ये त्याची बोली १ कोटी ६५ लाखांवर गेली. २०२४ मध्ये ती ७० लाखांवर आली. २०२५ मध्ये त्याला कुणीच घेतलं नाही आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. चार वर्षांत सगळं संपलं. बाजार खेळाडूशी निष्ठा ठेवत नाही, तर खेळाडूकडून ती कशी मागायची?

प्रश्न संघाने विचार करायचा आहे. आणि तो वाडीतल्या मंडळालाही तितकाच लागू आहे.

ओपन स्पर्धेत बाहेरून रेडर आणलात, चषक जिंकलात, छान. पण तो चार दिवसांचा पाहुणा आहे. त्या चार दिवसांत तो संध्याकाळी वाडीतल्या पोरांसोबत मैदानात उतरला का? बोनस कसा काढायचा, कोपऱ्यातल्या गड्याला कसं चकवायचं, हे त्याने कुणाला दाखवलं का? साखळीतल्या सोप्या सामन्यात शेवटची दहा मिनिटं गावच्या पोराला चढाईला पाठवलं का? हे केलं असेल तर मानधनाच्या पैशात चषकही आला आणि पुढचा रेडरही. नसेल केलं, तर पुढच्या वर्षी तेवढेच पैसे, कदाचित जास्त, पुन्हा गोळा करायचे.

आणि कधीतरी बॅनरवर 'एक गाव एक संघ' असेल. आधार कार्ड दाखवायची वेळ येईल. पाहुणा रेडर त्या दिवशी मुंबईत असेल आणि रांगेत उभा असेल तो पोरगा, जो तीन वर्षं मॅट अंथरतोय, पाण्याच्या बाटल्या भरतोय आणि बाकावर बसून सगळ्यांच्या चढाया बघतोय.

त्याला आपण काय शिकवलं, ते त्या ३० सेकंदांत कळेल.